अर्धा तांब्या

परवा आरोग्य उपकेंद्राची सफाई काढली तेव्हा कपाटाच्या तळाशी तो स्टीलचा तांब्या सापडला. आतून तांबूस डाग पडलेला, एका बाजूला पोचा आलेला. नवीन आलेल्या सिस्टरने विचारलं, "मॅडम, भंगारात टाकू का?" मी म्हटलं, "त्याला हात लावू नकोस, तो ट्रेनिंगचा आहे." ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. संध्याकाळी तिला सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता वाटलं की हे एकदा लिहूनच काढावं.

मी एएनएम. कागदावर आरोग्य सेविका, गावात नर्सबाई. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. ऊस, पाणी, बारा महिने हिरवं. १९९९ साली जत तालुक्याच्या पूर्व टोकाची ऑर्डर आली तेव्हा आई म्हणाली, "जत म्हणजे आपल्याच जिल्ह्यात का?" आपल्याच जिल्ह्यात, पण सांगली शंभर किलोमीटरच्या पुढे आणि विजापूर त्याच्या निम्म्यावर. निम्मं गाव कानडी बोलतं. माळ, मेंढरं, डाळिंबाच्या बागा, आणि पाऊस आला तर आला.

पहिल्याच महिन्यात एक आठ महिन्यांची गरोदर बाई डोकं धरून दारात बसली आणि "तली नोवु, तली नोवु" करायला लागली. मला वाटलं तळवे दुखतायत. पाय बघितले तर सुजलेले, त्यामुळे माझा गैरसमज आणखीच पक्का. मी तिला पाय उशीवर ठेवून पडून राहायचा सल्ला दिला! नशीब, अंगणवाडीच्या बाई तिथं होत्या. त्या म्हणाल्या, "अहो सिस्टर, डोस्कं दुखतंय म्हणतीया ती." तेव्हा कुठे बीपी घेतलं. वरचं एकशे साठ, खालचं एकशे दहा. गरोदरपणात डोकेदुखी, सूज आणि असलं बीपी म्हणजे झटके कधीही येऊ शकतात, हे नर्सिंगच्या वहीत मी सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. पण त्या वहीत डोक्याला तली म्हणतात हे कुठं होतं? तिला त्याच दिवशी पुढे पाठवलं आणि त्या रात्रीपासून मी अंगणवाडीच्या बाईंकडून कानडी शब्द लिहून घ्यायला लागले. बसुरी म्हणजे गरोदर, कूसु म्हणजे बाळ. ती वही अजून आहे. माझ्या मते माझं पहिलं खरं ट्रेनिंग ते. त्याचं सर्टिफिकेट कुणी दिलं नाही.

आता त्या प्रसंगाकडे येते, जो मी बरीच वर्षं कुणाला सांगितला नव्हता.

२००४, मे महिना. तिसरं बाळंतपण, उपकेंद्रातच झालं. बाळ चांगलं रडलं, वार पूर्ण पडली, मी हात धुऊन रजिस्टर उघडलं. दहा मिनिटांनी सासूने हाक मारली. खालचं कापड भिजलं होतं. मी म्हटलं, थोडं जातंच. आणखी पाच मिनिटांनी बघितलं तर खाटेखाली थारोळं. कपाटातून ऑक्सिटोसिनची, म्हणजे गर्भाशय आकसवून रक्त थांबवणाऱ्या इंजेक्शनची अँपुल काढून दिली. फरक नाही. दुसरी दिली. पोट चोळत राहिले, गर्भाशय हाताला लागायचं आणि पुन्हा मऊ पडायचं. तेव्हा १०८ नव्हती. वडापची जीप मिळाली, मागच्या बाकावर तिला आडवी टाकली आणि मी तिच्या पोटावर हात ठेवून जतपर्यंत उकिडवी बसले. जतहून मिरज. रक्त चढलं, ती वाचली. अकरा दिवसांनी घरी आली. तिची सासू मला रस्त्यात भेटली आणि शांतपणे म्हणाली, "नर्सबाई, तुमच्या हाताला यश न्हाई."

हे वाक्य घेऊन मी चार वर्षं काम केलं.

२००८ साली एसबीएचं प्रशिक्षण लागलं, म्हणजे कुशल प्रसूती सहायकाचं. एकवीस दिवस, जिल्ह्याच्या ठिकाणी. घरी दोन लहान पोरं, नवरा एसटीत. मी रडतच गेले. पहिल्या दोन दिवसांत वाटलं की नेहमीसारखंच, चहा-बिस्कीट, सही आणि झोप. तिसऱ्या दिवशी आमच्या ट्रेनर मॅडमनी फळ्याकडे पाठ करून साधा प्रश्न विचारला, "ऑक्सिटोसिन कुठं ठेवता गं?" आम्ही बावीस जणी एका सुरात: "कपाटात." त्यांनी काही न बोलता फळ्यावर लिहिलं: २ ते ८ अंश.

माझ्या डोळ्यांसमोर ते पत्र्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट आलं. जतचा मे महिना, बाहेर चाळीसच्या पुढे, आत त्याहून जास्त. उष्णतेने ऑक्सिटोसिनचा जोर कमी होतो. अँपुल दिसायला तशीच, पाण्यासारखी स्वच्छ, तारीख उलटलेली नाही, आणि आत औषध थकलेलं. त्या रात्री माझ्या दोन्ही अँपुल अशाच गेल्या होत्या की आणखी काही कारण होतं, हे आता कुणी सांगू शकणार नाही. पण मी हात वर केला आणि बावीस जणींसमोर सगळं सांगितलं. मॅडमनी मला दोष दिला नाही. त्यांनी विचारलं, "तुझ्या उपकेंद्रात फ्रीज आहे?" नव्हता. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, लसीचा आयएलआर (लसींचा खास फ्रीज) होता, पण त्यात लसीशिवाय दुसरं काही ठेवायचं नाही असा नियम, आणि नियम बरोबरच आहे. म्हणजे लसीला घर होतं आणि बाळंतिणीच्या औषधाला नव्हतं. परत आल्यावर अबंधित निधीतून (उपकेंद्राला किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या सरकारी पैशातून) छोटा घरगुती फ्रीज घ्यायला मला दोन वर्षं आणि चार अर्ज लागले. एका बैठकीत एक साहेब म्हणाले, "सिस्टरना थंड पाणी प्यायचंय वाटतं." तोवर अँपुल ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवायचे. ते दोन ते आठ अंश नव्हेत हे मला ठाऊक होतं, पण कपाटापेक्षा बरं.

त्या एकवीस दिवसांत बाकीही पुष्कळ होतं. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला दहा युनिट ऑक्सिटोसिन दंडात किंवा मांडीत द्यायचं. रक्तस्राव व्हायची वाट बघायची नाही, आधीच द्यायचं. पार्टोग्राफ, म्हणजे कळा आणि बाळंतपण कसं पुढं सरकतंय त्याचा तक्ता, भरायचा. झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेट दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम खोल टोचायचं आणि मग गाडीत घालायचं. न रडणाऱ्या बाळाला उलटं धरून पाठीत थापट्या मारायच्या नाहीत (आम्ही सगळ्या तेच करत होतो), कोरडं करायचं, पाठ चोळायची, तरी श्वास नसेल तर पहिलं मिनिट संपायच्या आत श्वास द्यायची पिशवी आणि मास्क. "दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन." बाहुलीची छाती वर आली की मॅडम पुढच्या मुलीकडे जायच्या, नाही आली की तिथंच उभ्या.

पण माझ्या मनात घर केलं ते लाल पाण्याने. मॅडमनी एक जुनं पातळ जमिनीवर पसरलं, बादलीतून लाल पाणी ओतलं आणि विचारलं, "किती गेलं?" कुणी म्हणालं दोनशे मिली, कुणी अडीचशे. मी म्हटलं तीनशे, जरा शहाणी ठरायला. ओतलं होतं सहाशे. बाळंतपणानंतर पाचशेच्या वर गेलं की धोका, हे आम्ही सगळ्या पाठ म्हणून दाखवत होतो आणि डोळ्यांना मात्र सहाशे अडीचशे दिसत होतं. मॅडम म्हणाल्या, "बाईला रक्त बघायची सवय असते. म्हणून तिला कमी दिसतं." मी त्या क्षणी २००४ च्या त्या पाच मिनिटांचा हिशेब केला. "थोडं जातंच" म्हणून मी जी घालवली होती, ती.

एक सांगते, प्रशिक्षण संपलं म्हणजे हाताला आलं असं नसतं. सहा महिन्यांनी मी पिशवी-मास्क हातात धरला तेव्हा बोटं कुठं ठेवायची ते आठवेना. आठवडाभरात किती बाळं न रडता जन्मतात? एकही नाही, आणि ती चांगलीच गोष्ट आहे, पण हात विसरतो. मग दर मंगळवारी टॉवेलची गुंडाळी करून त्यावर मास्क धरायचा असा रिवाज पाडला. शिपाईमामा पहिल्यांदा घाबरले होते.

हे झालं माझ्या हातांचं. पण घरी बाळंतीण पडली असताना तिथं माझे हात नसतात. दवाखान्यातून घरी सोडल्यावर, रात्री दोन वाजता, तिथं असते सासू. आणि सासू आमच्या कुठल्याच ट्रेनिंगच्या यादीत नव्हती. अंगणवाडीत ग्राम आरोग्य व पोषण दिवस व्हायचा तेव्हा गरोदर सुना यायच्या, मान खाली घालून ऐकायच्या, "हो हो" म्हणायच्या आणि घरी जाऊन सासू सांगेल ते करायच्या. आमची आशाताई, म्हणजे गावची आशा कार्यकर्ती, धनगराची, बोलायला फटकळ. ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही चुकीच्या बायकांना शिकवताय."

तिनेच मार्ग काढला. शुक्रवारी संध्याकाळी देवीच्या देवळात म्हाताऱ्या जमतात. कुंकू, तांब्या आणि एक जुनं लुगडं घेऊन आम्ही गेलो. गावची सूईणही तिथं होती, कानडीत सूलगित्ती म्हणतात, सत्तरीच्या पुढची. फार पूर्वी दाईंचं प्रशिक्षण झालं होतं तेव्हा तिला सरकारी किट मिळालं होतं. त्या अॅल्युमिनियमच्या डब्यात ती आता मिश्री ठेवते. पुरुष कट्ट्याच्या पलीकडे बसले होते. मी "बाळंतपणानंतरचा रक्तस्राव" एवढं म्हणेपर्यंत ते उठून गेले.

मी कुंकवाचं पाणी केलं आणि अर्धा तांब्या लुगड्यावर ओतला. "किती गेलं, सांगा."

"वाटीभर," एकजण.

"दोन वाट्या असतील," दुसरी.

मी तांब्या फिरवून दाखवला. निम्मा रिकामा. कुणी काही बोललं नाही. तेवढ्यात सूलगित्ती आज्जी आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "माझ्या धाकल्या जावंचं असंच झालं. आमी म्हणलो, घाण जातीया, जाऊ द्या. जाऊ द्या, जाऊ द्या म्हणत ती बी गेली."

'घाण जाते' ही समजूत माझ्या किती तरी व्याख्यानांनी हलली नव्हती. त्या आज्जीच्या एका वाक्याने देऊळ गप्प झालं. मग मी तिलाच विचारलं, वार पडल्यावर पोट हाताला कसं लागायला पाहिजे? ती म्हणाली, "नारळागत." आमच्या पुस्तकात हे अर्ध्या पानात आहे. तिने प्रत्येकीचा हात धरून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला, "असं कडक," आणि मग गालावर, "असं मऊ लागलं तर चोळायचं, आन् गाडी बोलवायची." लोक म्हणतात सूईण म्हणजे अडाणी. मला तरी त्या दिवशी माझी ट्रेनर मॅडम आणि ही आज्जी एकाच शाळेतल्या वाटल्या.

त्या संध्याकाळी नियम ठरला: पाव तांब्याला फोन, अर्ध्या तांब्याला बाई गाडीत. लिहून कुठं लावला नाही. बायकांनी जात्यावरच्या ओवीसारखा तोंडी ठेवला. अजून दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही लुगडं पसरतो, कारण नवीन सासवा तयार होत असतात.

एक गोष्ट मात्र आजही नीट सुटलेली नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातवा-आठवा महिना लागला, डोहाळेजेवण झालं की पोरगी माझ्या यादीतून जाते आणि तिकडच्या सिस्टरच्या यादीत येतेच असं नाही. नेमक्या ज्या दोन महिन्यांत बीपी चढायचं, त्याच महिन्यांत ती कुणाचीच नसते. मुलगी गरोदरपणाचं तपासणी कार्ड घेऊन गेली तरी सासरकडची बीपीची नोंद बघायची हे माहेरच्या माणसांना सुचत नाही. सरकारी पोर्टलवर नाव असतं, पण पोर्टल कुणाच्या दारात जात नाही. मी एक वेगळी डायरी ठेवते: कुठल्या गावाला गेली, तिथल्या आशाचा नंबर, आणि स्वतः फोन करते. "तुमच्याकडे आमची एक पोरगी आलीय" असं म्हटलं की समोरची आशा लगेच ऐकते. आपली पोरगी म्हटल्यावर ऐकणारच.

दुसरी गळती कोयत्याची. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेली जोडपी टोळीने ऊसतोडीला जातात, ती थेट मार्च-एप्रिलमध्ये परततात. बाई सहा महिन्यांची गरोदर असली तरी कोयता अर्धा होत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला पीएचसीत डॉक्टर गरोदर बायांना तपासतात, २०१६ पासून ही योजना आहे, पण फडातल्या बाईला तारीख कोण सांगणार? अशा बायांना मी जाण्याआधी चार महिन्यांच्या लाल (लोहाच्या) गोळ्या, कॅल्शियम आणि माझा नंबर देते, कार्डाला प्लॅस्टिकची पिशवी शिवून देते.

लाल गोळ्यांचं काय सांगू! गरोदरपणात निदान १८० खायच्या असतात, रोज एक. एका घरी पत्र्याच्या ट्रंकेत तीन महिन्यांच्या गोळ्या ओळीने सापडल्या. "बाळ मोठं होतंय, मग अडकतंय," असं सासूचं म्हणणं. गोळीने शौच काळं होतं, त्यालाही घाबरतात. हिमोग्लोबिन सातच्या खाली असलेल्या बाईच्या अंगातलं अर्धा तांब्या रक्त जाणं आणि बारा असलेल्या बाईचं जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे तांब्यावरच दाखवलं तेव्हा गोळ्या ट्रंकेतून बाहेर आल्या. चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळून पाण्याबरोबर घ्या, एवढं मात्र अजून दर वेळी सांगावं लागतं.

बैठकांमध्ये आकडे दाखवतात. महाराष्ट्रात २००४ ते २००६ या काळात लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या, २०१८ ते २०२० मध्ये ३३. मोठा फरक आहे, आणि त्यात १०८ आहे, रक्तपेढ्या आहेत, मोफत बाळंतपण आहे, आशा आहेत. माझ्या रजिस्टरमध्ये लाख नाहीत, वर्षाला तीस-पस्तीस नावं आहेत, त्यामुळे मला तो आकडा दिसत नाही. मला एवढंच दिसतं की आशाताई बाळाच्या बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा-सात वेळा उन्हातान्हात घरी जाते, तेव्हा तिला सगळ्याचे मिळून २५० रुपये मिळतात, आणि तेही कधी दोन-दोन महिने अडकतात. आकड्यावर टाळ्या वाजतात तेव्हा ती मागच्या खुर्चीत बसलेली असते. आणि प्रशिक्षण किती झालं हे अजूनही हजेरीपटावरच्या सह्यांवर मोजतात. सहाशे मिली ओळखता येतं का, हे कुणी विचारत नाही.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत रात्री साडेबाराला फोन वाजला. अनोळखी नंबर. कऱ्हाडकडच्या एका फडातून आमच्या गावची सासू बोलत होती. सून खोपीतच बाळंत झालेली, बाळ रडलं, वार पडली. "नर्सबाई, एकशेआठला फोन लावलाय. पर पाव कवाच झाला, आता अर्ध्याला आलंय."

मी विचारलं, पोट? म्हणाली, "गालागत."

चोळत राहा म्हटलं, बाळाला अंगावर लावा, तिला लघवीला बसवा, फोन बंद करू नका. फोन चालू राहिला. मला तिचा श्वास ऐकू येत होता, कुत्री भुंकत होती, मागं कुणीतरी बॅटरी पाड म्हणत होतं. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "नारळ व्हायला लागलाय," आणि मग गाडीचा भोंगा.

एप्रिलमध्ये टोळी परत आली. सून, बाळ आणि सासू उपकेंद्रात आल्या, सोबत गुळाची छोटी ढेप. कार्ड पूर्ण करायचं होतं. जन्माचं वजन विचारलं तर सासू म्हणाली, "तितं फकस्त उसाला काटा हाय." ते दवाखान्याच्या कागदावर सापडलं. मी विचारलं, "मावशी, अंधारात अर्धा तांब्या मोजला कसा?"

"कसा म्हंजी? तुमीच दावला हुता की." मग थोडा विचार करून म्हणाली, "पर तुमचा तांब्या जरा मोठा हाय."

ते मात्र खरं आहे. परवा मापाने भरून बघितला, सव्वा लिटर बसतं. म्हणजे इतकी वर्षं मी पाचशे म्हणून सहाशेच्या वर दाखवत होते. शुक्रवारी नवीन सिस्टरला घेऊन देवळात जायचंय, त्याआधी जतच्या बाजारातून लिटरचा तांब्या आणायला सांगितलाय. ती विचारत होती, कुंकू महाग पडतं, गुलाल चालेल का? गुलालाचं पाणी फार गोड गुलाबी दिसतं. कुंकूच घे म्हटलं, आणि त्यात थोडं चहाचं पाणी घाल, म्हणजे रंग बरोबर येतो.